सांडव्याचे दगड

मेंढ्या शेतात बसवून घ्यायच्या तर आधी मेंढक्यापुढं आपण उभं राहायचं असतं, आणि तो 'बस' म्हणेपर्यंत बसायचं नसतं. कुसुमला ही रीत ठाऊक होती. तरी वैशाखाच्या उन्हात बीरप्पाच्या कळपापाशी उभं राहून तळवे भाजायला लागले, तेव्हा नवऱ्याच्या तोंडापायी आपण आणखी किती दारांत असं उभं राहायचं, हे तिच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

बीरप्पा घोंगडीवर बसून पायातला काटा काढत होता. दर उन्हाळ्यात त्याचा कळप अळणावरच्या बाजूनं भाताची कापलेली शेतं चरून माघारी फिरायचा आणि पावसाच्या आत पूर्वेकडं आपल्या मुलखाला लागायचा. वाटेत हुबळीच्या अलीकडच्या काळ्या रानांत त्याचे मुक्काम पडत. ज्याच्या शेतात मेंढ्या रात्रीच्या बसतील त्याला लेंडीखत मिळे, आणि त्यानं मेंढक्यांना जोंधळा, मिरची, मीठ द्यायचं असे. कुसुमचा सासरा होता तोवर पहिला मुक्काम त्यांच्याच शेतात पडायचा. मग कारभार तिच्या नवऱ्याच्या, गोविंदच्या हातात आला. पोत्यातलं खत आलं. आणि एका वर्षी गोविंदनं बीरप्पाला रस्त्यावरच थांबवून सांगितलं, "तुझ्या मेंढ्या नुसतं तण आणतात गड्या. जा पुढं."

बीरप्पानं काटा काढला आणि उन्हात धरून नीट बघितला. मग तो कानडीत म्हणाला, "काय अव्वा, तण कमी पडलं काय शेतात?"

कुसुमला कानडी माहेरापासूनच येत होती. टोमणाही कळला. "तणसुद्धा उगवत न्हाई आता," ती म्हणाली.

ते खरंच होतं, आणि ती ते असं सरळ सांगेल असं बीरप्पाला वाटलं नव्हतं. त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं मान वर करून पाहिलं.

"मालक आला न्हाई?"

"मी आलेय न्हवं."

"उद्या म्हणेल, मेंढ्यांनी जमीन तुडवली."

"म्हणाला तर माझ्याकडं ये."

बीरप्पा घोंगडीचा कोपरा तिच्याकडं सरकवत म्हणाला, "आतु बिडू. राहू दे ते. बस." कुसुम बसली. अमावास्येपर्यंत मेंढ्या तिच्याकडं बसतील, असं त्यानं कबूल केलं. त्यापुढं बोअरवेलवाल्या गौडाला शब्द दिला होता. उठताना त्यानं एवढंच बजावलं की लेंडी पडली की सकाळी लगेच कुळव फिरवा. वर राहिली तर ऊन खाईल नाहीतर पाणी नेईल, मग मला नावं ठेवू नका.

घरी येईपर्यंत तिनं वाटेत कुणाशी शब्द काढला नाही. एवढी धडपड कशासाठी, हे गावाला सांगून उपयोग नव्हता. गावाला ते आधीच माहीत होतं.

शेत रस्त्याला लागून होतं, उताराचं. गोविंदचा बाप आणि चुलता वेगळे झाले तेव्हा वरचा भाग गोविंदच्या बापाला आला आणि ओढ्याकडचा खालचा भाग चुलत्याला. चुलत्याच्या माघारी तो आता अप्पाजी कसत होते, गोविंदचे थोरले चुलतभाऊ. दोन्ही शेतांच्या मध्ये बांध. पूर्वी वरच्या शेतातला शाळू गोविंदच्या डोक्यावरून जायचा. आता तो कमरेला लागला तरी कुसुमला हायसं वाटायचं. माती पातळ होत होत खालचा पांढरा मुरूम डोकावायला लागला होता आणि कुदळ मारली तर ती उलटून यायची. गोविंद दर वर्षी खताचं एक पोतं वाढवायचा, आणि पीक दर वर्षी वीतभर उतरायचं. अप्पाजींचा शाळू मात्र काही न करता वर्षागणिक उंच होत चालला होता. "नशीब लागतं," गोविंद म्हणायचा.

त्यात मुलगा किरण. तो हुबळीत कमरीपेठेत एका लेथच्या कारखान्यात कामाला होता. हुबळी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पसरत गावाकडं येत होती, आणि शेतांतून चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडत होते. पाडव्याला पोळी खाता खाता किरण बापाला म्हणाला, "अप्पा, ह्या मातीत आता काय राहिलंय? एक लेआउटवाला माझ्या ओळखीचा हाय. मुरुमाची जागाच लागते त्याला."

गोविंदच्या हातातला घास तसाच राहिला. तो रागावला की शांत बोलायचा, आणि तेच वाईट असायचं. "येळ अमावास्येला ये," तो म्हणाला. "तुझ्या लेआउटवाल्याला घेऊन ये. वरच्या कडेपर्यंत कणीस भरलेलं दाखवलं न्हाई, तर तू म्हणशील त्या कागदावर सही करतो."

"शब्द?"

"शब्द."

येळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावास्येला, सगळा मुलूख जेवण घेऊन शेतात जातो, काळ्या आईला पहिला घास देतो. तोच दिवस गोविंदनं पैजेला लावला होता. झोपेत सुद्धा कुसुमला शेतावर चुन्याच्या रेघा दिसायच्या.

बीरप्पानं कबूल केल्याप्रमाणं मेंढ्या त्याच संध्याकाळी आल्या. वाघराचं जाळं ठोकून बीरप्पाच्या माणसांनी वरच्या अंगाला त्या कोंडल्या, आणि धूळ, लोकर, मूत असा तो वास रस्त्यापर्यंत पसरला. कुसुमला तो वास गोड वाटला. सकाळी कळप चरायला गेल्यावर ती अनवाणी शेतात उतरली. पांढरी जमीन काळ्या लेंड्यांनी भरून गेली होती आणि ओलीही झाली होती. तिनं एक मूठ उचलून नाकाशी नेली. गोविंद तिच्याकडं बघून हसला.

"खाणार हायस काय?"

"कुळव जुंपा आधी," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत."

गोविंदनं कुळव जुंपला. रोज मेंढ्यांची जागा बदलायची, रोज तो मागून कुळव फिरवायचा, आणि कळप उतारानं बांधाकडं सरकत चालला. गोविंद माणूस वाईट नव्हता. कष्टाला वाघ होता, कुणाच्या काडीला हात लावायचा नाही. फक्त बांध कोरायचा. आणि बांध कोरण्याला आपल्याकडं कुणी चोरी म्हणत नाही, मेहनत म्हणतात. दर पेरणीला कुळवाची फास, म्हणजे पातं, बांधाच्या पोटात बोटभर घुसवायची. बोटभर म्हणजे काय, डोळ्यालाही दिसत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसं बोटाबोटानं रान साचतं, असा त्याचा हिशेब होता. बांधात सासऱ्यानं दगडांचा सांडवा बसवला होता, जास्तीचं पाणी माती न ओढता खाली जावं म्हणून. तो कुळवाला अडायला लागला तेव्हा गोविंदनं त्याचे दगड काढून घरी आणले. त्यातला मोठा सपाट दगड परसात धुणं धुवायला झाला, बाकीचे गोठ्याच्या उंबऱ्याला लागले. त्या मोकळ्या झालेल्या जागेत कुसुमनं स्वतः मिरची लावली होती, आणि मिरची चांगली आली म्हणून शेजारणींना वाटलीही होती.

वैशाखातल्या त्या अमावास्येच्या आदल्या सकाळी मेंढ्या अगदी बांधाच्या कडेला बसून उठल्या होत्या. तिथली माती खतानं नुसती लोणी झाली होती. कुसुम रस्त्याकडच्या बाजूला धसकटं वेचत होती. तिनं मान वर केली तर गोविंद कुळव घेऊन बांधाच्या कडेनं चालला होता, आणि फास या खेपेला बोटभर नव्हे, हातभर आत गेली होती. बांधावरचं गवत मुळांसकट उलटं पडत होतं. एवढं खत पडलंय तर ही कडही कशाला सोडा, हे त्याच्या मनातलं तिला न सांगता कळलं. बांध आता पायवाटेएवढा राहिला.

तिनं तोंड उघडलं. "अवो," एवढंच म्हणाली.

"काय?"

सांगावं तर तो चिडणार, चिडला तर कुळव सोडून जाणार, आणि मग बांधालगतच्या पट्ट्यातली राहिलेली लेंडी उन्हात वाळणार. तिच्या मनात आणखी एक होतं, ते तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. ती कड काळी, मऊ, सुंदर दिसत होती.

"काय न्हाई. पाणी पिऊन घ्या," ती म्हणाली.

दुपारी वारा एकदम पडला. मेंढ्या चरायच्या थांबून एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसायला लागल्या, तेव्हा बीरप्पानं त्या ओढ्यापलीकडच्या चढावर हाकलल्या. ईशान्येला आभाळ काळंठिक्कर झालं. वळीव दर वर्षी येतो, चार टपोरे थेंब टाकून वास उडवतो आणि जातो. हा तसा आला नाही. आधी गारा आल्या आणि पाठोपाठ पाणी असं पडायला लागलं की समोरचा रस्ता दिसेना.

कुसुम डोक्यावर पोतं घेऊन धावली. भुसभुशीत केलेली माती पाण्याबरोबर चालायला लागली होती. शेतभर पाणी काळं, जाड होऊन बांधाकडं निघालं होतं आणि त्यावर लेंड्या तरंगत होत्या. बांधाशी ते थबकलं, साचलं, फुगलं. सकाळी जिथं फास घुसली होती तिथून मातीचं एक ढेकूळ सुटलं, मग दुसरं. कुसुमनं अंगावरचं पोतं काढून त्या भोकात कोंबलं आणि त्यावर पाय रोवून उभी राहिली. गोविंद कडब्याच्या पेंढ्या घेऊन पळत आला.

"सोड, वाहून जाशील!"

"आधी टाका!"

त्यानं पेंढ्या टाकल्या. पाण्यानं त्या उचलून अप्पाजींच्या शेतात नेऊन टाकल्या. मग तिच्या पायाखालचा बांध गेला. ती कुशीवर पडली, गुडघा दगडाला आपटला, तोंडात पाणी गेलं. त्या पाण्याला मेंढ्यांच्या मुताची चव होती. गोविंदनं दंड धरून तिला ओढून काढलं, आणि दोघंजण चिखलात उभे राहून आपलं शेत खाली जाताना बघत राहिले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

सकाळी ऊन स्वच्छ पडलं. वरच्या शेतात जागोजाग मुरूम उघडा पडला होता, मधून चर गेला होता. खाली अप्पाजींच्या शेतात काळ्या मातीचा जाड थर पसरला होता, वर लेंड्या. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते इथं रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही दिसत होतं. चार माणसं थांबून बघतही होती.

गोविंद फावडं आणि पाटी घेऊन तडक खालच्या शेतात उतरला आणि भरायला लागला. अप्पाजी काठी टेकत आले. खांद्यावर टॉवेल, आवाज मऊ.

"काय करूलालायस गोविंदा?"

"माझं खत नेऊलालोय अण्णा."

"माझ्या शेतातनं?"

"मेंढ्या कुणाच्या शेतात बसल्या, गावाला इचारा."

"मेंढ्या तुझ्या शेतात बसल्या, खरं हाय. माती आता माझ्या शेतात बसलीय." अप्पाजींनी काठी चिखलात रोवली. "तुझं शेत कुठवर?"

"बांधापर्यंत."

"मग बांध दाखव. बांध दाखव आणि माती माग."

रस्त्यावरचा एकजण हसला. गोविंदनं मागं वळून बघितलं. दाखवायला काही नव्हतं. एका टोकाला लिंबाचं झाड आणि दुसऱ्या टोकाला वाटणीचा पुरलेला दगड, आणि त्यामध्ये सपाट चिखल. त्यानं भरलेली पाटी तिथंच उपडी केली आणि माणसांमधून मान खाली घालून घरी गेला. कुसुमला त्याची इतकी कीव आणि इतका संताप आजवर एकाच वेळी कधी आला नव्हता.

दुपारच्या बसनं किरण आला. कुणीतरी कारखान्यात फोन करून कळवलं होतं. सुभाष रोडवर घेतलेले त्याचे नवे बूट चिखलानं भरले होते. त्यानं शेत बघितलं, घरी येऊन घोटभर पाणी प्याला, आणि भिंतीकडं तोंड करून पडलेल्या बापाला म्हणाला, "आता येळ अमावास्येपर्यंत थांबायचं तरी कशाला अप्पा?" त्यात खिजवणं नव्हतं. थकलेला आवाज होता.

कुसुम परसात गेली. नवऱ्याचं चिखलानं भरलेलं धोतर तिनं दगडावर टाकलं आणि वर तांब्यानं पाणी ओतलं. गढूळ पाणी दगडावरून घरंगळून गेलं आणि दगड तसाच राहिला, धुतलेला, जाग्यावर. तिनं पुन्हा एक तांब्या ओतला. मग धोतर बाजूला फेकून ती गोठ्यातली पहार घेऊन आली आणि दगडाच्या कडेनं खणायला लागली.

आवाजानं गोविंद बाहेर आला. "काय करूलालायस?"

"दगड काढायचाय."

"मग धुणं?"

"मळकी कापडं घालून कुणी मरत न्हाई." ती थांबली, धापा टाकत होती. दुखरा गुडघा सुजला होता. "तुमी बोट बोट करून बांध खाल्ला. आणि मीबी पंगतीला बसले. काल सकाळी डोळ्यांनी बघितलं, बोलले न्हाई. मिरची लावली तवाबी बोलले न्हाई. आता अप्पाजी भाऊजींनी माती दिली तरी ती ठेवायची कुठं? पुढच्या वळवाला परत खाली."

गोविंद उंबऱ्यात उभा होता. बैल गेला आणि झोपा केला, असं ती म्हणाली असती तर तो भांडला असता. ती तसं काही म्हणाली नाही, पुन्हा खणायला लागली. थोड्या वेळानं त्यानं तिच्या हातातली पहार घेतली. किरण मागच्या दारात येऊन बघत होता. दगड हलेना तेव्हा त्यानं बूट काढले आणि दुसरी बाजू धरली.

गोठ्याच्या उंबऱ्याचेही दगड निघाले. बैलगाडी बांधापाशी नेली तेव्हा अप्पाजी आणि त्यांची बायको अनसूया खालच्या शेतात उभे होते. कुणी कुणाला हाक मारली नाही. गोविंदनं लिंबाच्या झाडापासून वाटणीच्या दगडापर्यंत दोरी ताणली आणि आपल्या बाजूला नवीन बांधाच्या रुंदीच्या खुंट्या ठोकायला लागला. सवय कुठं जाते? खुंट्या दोरीला अशा चिकटून ठोकल्या की त्या बांधावरून शेळी सुद्धा बाजूला होऊन गेली असती. अप्पाजी काठीवर हात ठेवून नुसते बघत होते.

कुसुमनं एक पाटी मातीनं अर्धी भरून डोक्यावर घेतली आणि खालच्या शेताकडं तोंड करून म्हणाली, "अक्का, पाटी घेऊन या की जरा."

अनसूयानं नवऱ्याकडं बघितलं नाही. ती पाटी घेऊन आली. दोघी या गावात सून म्हणून आल्या तेव्हापासून एक गोष्ट दोघींना ठाऊक होती: पाटी घेतलेल्या दोन बायका बांधावर समोरासमोर आल्या तर एकमेकीला न घासता जायच्या, एवढा तो रुंद होता. दोघींच्या सासवांनी तो तसाच मापून दाखवला होता. दोघी दोरीच्या दोन अंगांना समोरासमोर चालत आल्या, पाट्यांच्या कडा लागू न देता एकमेकींच्या बाजूनं पुढं गेल्या, आणि जिथं बाहेरचं पाऊल पडलं तिथं टाचेनं रेघ ओढली.

कुसुमची रेघ गोविंदच्या खुंट्यांच्या बरीच आत, त्याच्या उत्तम काळ्या कडेच्या मधोमध पडली. अनसूयाची रेघ अप्पाजींच्या शेतात पडली, नांगरटीच्या आत.

अप्पाजी आपल्या शेतातल्या रेघेकडं बघत राहिले, मग टॉवेलनं तोंड पुसलं. "आमच्या बाजूनंबी गेलाय थोडा," अनसूया हळू म्हणाली. ती कुसुमला म्हणाली, पण ऐकलं सगळ्यांनी. गोविंदनं वाकून आपल्या खुंट्या उपटल्या आणि बायकोच्या टाचेच्या रेघेवर नेऊन ठोकल्या. ठोकताना त्याचा हात जड पडत होता. कष्टानं मिळवलेलं गमावतोय असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटणं एका दिवसात जात नाही.

"आधी बांध," अप्पाजी शेवटी म्हणाले. "बांधाला लागेल तेवढी माती माझ्या शेतातनं घ्या. बांध उभा राहिला की वरची लेंडी न्या तुमच्याकडं."

अमावास्येनंतर मेंढ्या गौडाच्या शेतात गेल्या. इकडं माती वाहणं सुरू झालं. भरलेली पाटी एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी द्यावी लागते. गोविंद फावड्यानं भरायचा, अनसूया उचलून कुसुमच्या डोक्यावर द्यायची. मान आखडायची, चुंबळ भिजून कपाळावर काळे ओघळ यायचे, सुजलेल्या गुडघ्यानं चढ चढताना कुसुम दात आवळून घ्यायची. किरणनं कारखान्यात निरोप पाठवून रजा वाढवली. त्याचे बूट लिंबाच्या फांदीला लटकत होते. तो घाम गाळत होता, पण मनातून फिरला नव्हता, जेवताना म्हणायचाच, "एवढं करून कणीस भरलं न्हाई तर आई?" कुसुम त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची. शेवटी सगळ्यांनी मिळून सांडवा बसवला, आणि मोठा दगड मध्ये ठेवताना किरणचं बोट त्याखाली सापडून नख काळं पडलं. बांधावर अनसूयानं आपल्या बाजूचं हरळीचं गवत आणून लावलं.

आषाढात पाऊस लागला. कुसुम प्रत्येक सरीला बांधावर जाऊन उभी राहायची. पाणी बांधाशी येऊन थांबायचं आणि सांडव्याच्या दगडांवरून खाली उतरायचं. ती त्याखाली ओंजळ धरायची. पाणी गढूळ असायचं, पण तळाशी माती साचत नव्हती. आश्विनात शाळू पेरताना गोविंद तिफण घेऊन बांधापाशी आला आणि वळला. कुसुम मागून बी सोडत होती. त्यानं वीतभर जागा सोडली होती. वळताना मात्र तो त्या जागेकडं बघून उसासा टाकल्याशिवाय राहिला नाही.

येळ अमावास्या उजाडली. कुसुमनं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, कडबू, वांग्याची भाजी, दहीभात असं सगळं बांधून घेतलं. तिला एक घासही जाणार नव्हता. खालच्या शेतात अप्पाजी, अनसूया आधीच आले होते. किरण लेआउटवाल्याच्या मोटारसायकलीवर मागं बसून आला. लेआउटवाला चांगला बोलणारा होता, पायताण काढून शेतात उतरला.

शाळू बांधाकडं छातीएवढा होता, कणसं भरलेली. मधल्या भागात कमरेएवढा. रस्त्याकडच्या वरच्या कडेला, जिथं मुरूम उघडा पडला होता, तिथं ताटं गुडघ्याच्या वर, आणि कणीस अर्धं पोकळ. गोविंद चालत त्या कडेपर्यंत गेला. त्यानं एक कणीस हातावर चोळलं आणि फुंकर मारली. तळहातावर थोडे दाणे राहिले, बाकी फोल उडून गेलं.

"भरलं न्हाई," तो म्हणाला. कुणी विचारायच्या आधीच म्हणाला. "शब्द शब्द असतोय. कुठं सही करायची सांग."

कुसुमनं हातातली दुरडी खाली ठेवली.

लेआउटवाला खुशीत होता, पण सभ्य होता. तो शेत उतरत बांधापर्यंत गेला, पावलांनी लांबी मोजली आणि बांधावर पाय ठेवून उभा राहिला. "हे एवढं कशाला रुंद ठेवलंय?" तो म्हणाला. "हा सपाट करून घेऊ. प्लॉटांची एक ओळ जास्तीची बसते. तो चुलत्याचा अर्धा राहू दे त्यांच्याकडं, आपला अर्धा तेवढा काढू."

किरण सांडव्यापाशी उभा होता. त्याच्या बोटाचं नख गळून नवीन आलं होतं, अजून वेडंवाकडं. त्या बोटानं तो दगडावरचं शेवाळ खरवडत होता.

"अर्धा बांध असतोय होय?" तो म्हणाला.

"काय?"

"अर्धा काढला तर पाणी राहिलेल्या अर्ध्याला ठेवतंय काय? काकांचं शेत जाईल खाली." तो बापाकडं बघत नव्हता, आईकडंही नाही. "हा काढायचा न्हाई. हा तसाच ठेवून बोलायचं असलं तर बोला."

लेआउटवाल्याला ती चेष्टा वाटली. मग ती चेष्टा नाही हे कळलं. अर्धा तास तो समजावत राहिला, रस्ता कसा येणार, हुबळी कशी वाढणार ते सांगत राहिला, आणि कडबू खाऊन, पुन्हा येतो म्हणून गेला. तो पुन्हा येईल हे सगळ्यांना माहीत होतं. तो नाही आला तर दुसरा येईल.

"माझ्या शब्दाचं काय?" गोविंदनं विचारलं.

"वरची कड तेवढी भरायची राहिलीय," किरण म्हणाला. "पुढच्या येळ अमावास्येला बघू."

एक वर्ष. कुसुमनं मनात मोजलं. तिनं दुरडीतला पहिला घास घेतला आणि शेतभर टाकत फिरायच्या आधी बांधावर ठेवला. पलीकडून अनसूयानंही आपला घास तिथंच ठेवला.

जेवून हात धुताना ती किरणला म्हणाली, "पुढच्या खेपेला हुबळीतनं येताना धुणं धुवायला एक दगड बघ. मला ओढ्यावर जाऊन जाऊन कंटाळा आलाय."